कोचरेकरांच्या गोष्टीतला दिवा

मुलुंड (पूर्व), मुंबई
बुधवार, १० डिसेंबर १९८६

तीर्थरूप शिवदास भावोजी,

सहदेवचा नमस्कार दोन्ही हातांनी घ्यावा आणि त्यातला अर्धा अक्काच्या पायांशी नेऊन ठेवावा. इकडे देवाच्या कृपेने रत्नप्रभेची कंबर, सुलक्षणाचा टायपिंगचा क्लास आणि माझं पित्त, तिन्ही नियमित चालू आहेत. तुमचा गुडघा थंडीत काय म्हणतो ते कळवावं. अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझी पत्रं तुम्ही ओटीवर बसून तिला मोठ्याने वाचून दाखवता, हे मला ठाऊक आहे. म्हणून एक गोष्ट आधीच ठरवून घेऊ. या पत्रात जागोजागी कंस आहेत. कंसाबाहेरचं मोठ्याने वाचावं. कंसातलं मनात वाचावं आणि तेवढा वेळ खोकावं. (तुमचा खोकला जुना आहे, अक्काला संशय येणार नाही.)

गेल्या रविवारी सकाळी मी पूजेला बसलो. ताम्हनात देव ठेवले, पळीने पाणी घातलं, पुसले, गंध लावलं, आणि तुळस वाहताना पाहतो तर बाळकृष्णाच्या जागी माझं मनगटी घड्याळ होतं. त्याला गंधसुद्धा लागलेलं होतं. बाळकृष्ण कपाटावर, जिथे मी रोज घड्याळ काढून ठेवतो तिथे, रांगत होता. घड्याळ सात वाजून दहा मिनिटांवर थांबलं ते अजून तसंच आहे. (हे तुम्ही माझ्या लग्नात दिलेलं घड्याळ. चोवीस वर्षं एकदाही मागे पडलं नाही. अक्काला सांगू नये, ती उगाच म्हणेल की तेव्हाच नीट पारखून घ्यायचं होतं.) रत्नप्रभा स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघत होती. ती म्हणाली, तुमच्या त्या भुताला एकदा जेवायलाच बोलवा, म्हणजे तरी सुटेल. तिचा रोख कै. अच्युत बाबाजी कोचरेकरांवर होता, आणि त्या दिवशी तो चुकीचा नव्हता. दुपारी मंडळाची सभा होती, आणि त्या सभेत मी तीस वर्षांत जे बोललो नाही ते बोलायचं, असं रात्री अंथरुणावर ठरवलं होतं. सकाळपर्यंत त्या निश्चयाने माझ्या हातांचा ताबा घेतला होता.

कोचरेकर तुम्हाला सांगायला नकोत, पण अक्कासाठी थोडं सांगतो. आपल्या शेजारच्या तालुक्यातले, शाळामास्तर, आणि मास्तरकी करून उरलेल्या वेळात अशा भुताच्या गोष्टी लिहायचे की वाचणाऱ्याला स्वतःच्या सावलीला वाट द्यावीशी वाटे. मी चौथीत असताना त्यांची पहिली गोष्ट वाचली आणि पंधरा दिवस एकटा परसात गेलो नाही. अक्काने ते मासिक न्हाणीच्या चुलीत घातलं, हे तिला आठवत असेल. (नवा जावई मेहुण्याला खाऊ देतो, तुम्ही भुताची गोष्ट दिलीत. ते मासिक तुमचं होतं हे मी आजतागायत तिला सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं होतील. या उपकाराची आठवण पत्राच्या शेवटी करून देईन.)

हयातीत त्यांना आपल्याकडे भुतांचे मास्तर म्हणत. आता मुंबई-पुण्यात त्यांना मराठी भयवाङ्मयाचे प्रणेते म्हणतात, आणि इथे मुलुंडात त्यांच्या नावाने वाचक मंडळ आहे. अकरा सभासद. महिन्यातून दोन रविवारी सभा. जागा म्हणजे आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक गणपतीचं सामान ठेवायची खोली. गेल्या वर्षीचा थर्माकोलचा हिमालय भिंतीला टेकवलेला आहे, त्याच्या पायथ्याशी सतरंजी घालून आम्ही हडळ, मुंजा आणि झोटिंग यांवर चर्चा करतो. अध्यक्ष चंद्रप्रकाश नाबर, एका औषधाच्या कारखान्यात केमिस्ट. दिवसभर मोजून मापून काम करणारा हा माणूस रविवारी असा सुटतो की आवरत नाही. तीन वर्षांपूर्वी तो माझ्या घाटकोपरच्या छापखान्यात मंडळाची निमंत्रणं छापायला आला. निमंत्रणावर कोचरेकरांचं एक वाक्य घालायचं होतं, ते त्याने चुकीचं लिहून आणलं होतं. मी मान वर न करता ते दुरुस्त केलं आणि त्याच्या पुढची चार वाक्यंही म्हणून दाखवली. चंद्रप्रकाश स्टुलावर बसलाच. यार, तुला तर सगळं पाठ आहे, असं म्हणून त्याने मला तिथल्या तिथे चिटणीस केलं. (पाठ का होतं ते सांगतो, इथे जरा लांब खोका. छप्पन साली, मुंबईत येऊन तीन वर्षं झालेली असताना, मी गिरगावात एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होतो. तिथे एक दिवाळी अंक छापला जायचा. त्यातली कोचरेकरांची शेवटची गोष्ट, 'सातव्या पायरीचं पाणी', मी एकेक अक्षर उचलून, आरशातल्यासारखी उलटी जुळवली आहे. उलटं जुळवलेलं माणूस विसरत नाही. ही गोष्ट मी मंडळाला कधी सांगितली नाही. का नाही, ते पुढे येईल.)

मंडळात मी बोलत नसे. त्याचा परिणाम उलटा झाला. न बोलणारा माणूस खोल असतो अशी शहरातल्या लोकांची समजूत आहे. वाद पेटला की सगळे एकदा माझ्याकडे बघत, मी सतरंजीकडे बघे, आणि दोन्ही बाजूंना वाटे की परब आपल्या बाजूचा आहे.

वाद कशावर, तर गोष्टींवर नव्हे. गोष्टी सगळ्यांच्या वाचून झालेल्या. आता वाद होतो तो गोष्टींवर विद्वानांनी जे लिहिलं आहे त्यावर. मालाडला राहणाऱ्या डॉ. अनुपमा सामंत नावाच्या प्राध्यापक बाई आहेत. त्यांनी कोचरेकरांवर चारशे पानांचा प्रबंध लिहून डॉक्टरकी मिळवली आणि तो पुस्तकरूपाने काढला. त्यात तळटिपा सहाशे अकरा. चंद्रप्रकाशने त्या सगळ्या वाचल्या आहेत, मजकूर वाचला आहे की नाही याबद्दल मला शंका आहे. त्या प्रबंधाला पुण्याच्या एका प्राध्यापकांनी एका त्रैमासिकात उत्तर दिलं, बाईंनी त्या उत्तराला उत्तर दिलं, आणि टपालाने एकेक अंक येईल तसा आमच्या खोलीतला हिमालय हलू लागला. पुण्याच्या प्राध्यापकांचं म्हणणं असं की कोचरेकर एकतीस साली आठ दिवस जोगेश्वरीला राहिले होते आणि त्यांच्या गोष्टींतला काळोख तिथल्या लेण्यांतून आला. झालं. मंडळाने ठराव करून जोगेश्वरीची सहल काढली. भर दुपारी अकरा माणसं सहा बॅटऱ्या घेऊन लेण्यात शिरली. आत चंद्रप्रकाशला खोल सुस्कारा ऐकू आला. त्याने वहीत वेळ आणि दिशा टिपून घेतली. मग बॅटरी मारल्यावर खांबाआड एक म्हातारा डबा खाऊन आडवा झालेला दिसला. तो उठून बसला आणि शांतपणे म्हणाला, "बाबांनो, दिवसा काय हरवलंय तुमचं?" मी तोवर देवीचं दर्शन घेऊन, प्रसादाचा नारळ घेऊन बाहेर येऊन बसलो होतो. त्या सहलीत काही हाती लागलं ते माझ्याच.

पण हे सगळं किरकोळ. खरं युद्ध एका ओळीवरून आहे. 'सातव्या पायरीचं पाणी' ही गोष्ट तुम्हाला आठवत असेल. बाळंतपणात गेलेली बाई रोज तिन्हीसांजेला विहिरीच्या पायऱ्या चढून वर येते आणि आपल्याच घराच्या दाराशी उभी राहते. आत तिचं मूल रडत असतं. घरातले लोक उंबऱ्यावर खिळे ठोकतात, राख पसरतात, तिला आत येऊ देत नाहीत. शेवट असा: ती दाराशी उभी राहिली. आत पाळणा हलत होता. तिला कोणी ये म्हटलं नाही. आणि मग, सगळ्यात शेवटची ओळ: तेवढ्यात कोणीतरी तुळशीपाशी दिवा लावला.

या एका ओळीवर अनुपमाबाईंचं सहावं, म्हणजे शेवटचं प्रकरण आहे. चाळीस पानं. जन्मभर काळोख लिहिणारा लेखक मरणाआधी दोन महिने दिवा लावतो, म्हणजे त्याच्या मनात केवढी उलथापालथ झाली असेल, असं बाई म्हणतात. त्यातली नऊ पानं नुसत्या 'कोणीतरी' या शब्दावर आहेत. कोणीतरी म्हणजे कोण? घरातली सासू? समाज? वाचक? की परमेश्वर? पुण्याच्या प्राध्यापकांनी उलट लिहिलं की ही ओळ म्हणजे एका थोर भयकथेच्या शेवटी झालेला अपघात आहे, कोचरेकरांच्या हातून असं व्हायला नको होतं. तेव्हापासून आमच्या मंडळात दोन पक्ष झाले, दिवावाले आणि अंधारवाले. दिवावाल्यांचा पुढारी चंद्रप्रकाश. अंधारवाल्यांचा पुढारी अनंता म्हणून बँकेतला एक गृहस्थ आहे. त्या पक्षात तो एकटाच मला दिवावाला समजे आणि सभेत चहाचा कप माझ्यापर्यंत पोचू देत नसे.

(भावोजी, आता जे लिहितो त्याला खोकला पुरणार नाही. अक्काला पाणी आणायला पाठवा. ती ओळ कोचरेकरांची नाही. ती माझी आहे. त्या छापखान्याच्या मालकांना रिकामी जागा म्हणजे आळस वाटे. गोष्ट संपून पानाच्या तळाला जागा उरली की आम्ही तिथे वेलबुट्टीचा ठोकळा घालत असू. त्या दिवशी ठोकळा लग्नपत्रिकांच्या फर्म्यात, म्हणजे मशीनवर चढवायच्या आवळलेल्या चौकटीत, अडकला होता आणि मशीनवाला उभा राहून घाई करत होता. तळाला एका ओळीची जागा. मी एकोणीस वर्षांचा. ती बाई माझ्यासमोर दाराशी उभी. तिला कोणी ये म्हटलं नाही, हे मी नुकतंच एकेक अक्षर करून माझ्या हाताने जुळवलं होतं. आपल्या आईने तिन्हीसांजेला कधी कुणाला दारात ताटकळत ठेवलं नाही. माझा हात खिळ्यांच्या केसमध्ये गेला आणि मी दिवा लावला. 'कोणीतरी' हा शब्द का घातला, तर ओळ भरत नव्हती म्हणून. त्या शब्दावर नऊ पानं आहेत. कोचरेकर गावी, प्रूफ तिकडे पाठवायला वेळ नव्हता. अंक निघाला. पौषात कोचरेकर गेले. त्यांनी ती ओळ पाहिली की नाही, देव जाणे.)

आता मी तीन वर्षं गप्प का बसलो, तर त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते कंसाबाहेर सांगतो, इथून पुढचं अक्कानेही ऐकलं तरी चालेल. मंडळात धर्मा म्हणून एक सभासद आहे, माहुलचा कोळी. खाडीत त्याची होडी आहे. आता तिकडे मासळी पूर्वीसारखी मिळत नाही, त्यावर तो सभेआधी दहा मिनिटं बोलतो आणि मग शेवटपर्यंत बोलत नाही. आम्ही दोघे न बोलणारे म्हणून शेजारी बसतो. तो मंडळात आला त्याची हकिगत अशी की एकदा बाजारातून त्याच्या भावजयीने सुके बोंबील आणले, ते जुन्या अंकाच्या एका पानात बांधलेले होते. ते पान म्हणजे या गोष्टीचं शेवटचं पान. धर्माची बायको कमळ पहिल्या बाळंतपणात गेली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. त्याने दुसरं लग्न केलं नाही. त्याने ते पान वाचलं, धुतलं, वाळवलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं. चार वर्षं त्याच्याकडे गोष्टीचा फक्त शेवट होता. सुरुवात कुठे मिळेल म्हणून तो रद्दीवाल्यांकडे विचारत फिरायचा, त्यातल्या एकाने त्याला चंद्रप्रकाशचा पत्ता दिला. पहिल्या सभेत त्याला अख्खी गोष्ट वाचून दाखवली. ऐकून तो म्हणाला, सुरुवात ठीक आहे, पण माझ्याकडे होतं तेच खरं. असा माणूस तुमच्या मांडीला मांडी लावून बसलेला असताना, ती ओळ रिकामी जागा भरायला घातली होती, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तरी सांगावं लागलं. झालं असं की अनुपमाबाईंच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती, आणि चंद्रप्रकाशने मोठ्या प्रेमाने ते काम माझ्या छापखान्याला मिळवून दिलं. आपल्या परबच्या हातून कोचरेकरांची सेवा होऊ दे, असं म्हणाला. आश्विनापासून मी ते पुस्तक जुळवतो आहे. पहिली पाच प्रकरणं सुखाने झाली. सहावं आलं आणि माझी झोप गेली. माझी एक ओळ चाळीस पानं होऊन माझ्याकडे परत आली होती, आणि ती मला पुन्हा अक्षर अक्षर उचलून लावायची होती. लेखकाच्या अंतर्मनाचा उजेड, असं एका पानावर होतं. लेखकाच्या अंतर्मनात काय होतं ते मला माहीत होतं. लग्नपत्रिकांत अडकलेला ठोकळा होता. मी जुळवत गेलो, पण दर संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना हात थबकू लागला. दिवा लावायचं काम मी आजवर फक्त देवासाठी केलं अशी माझी समजूत होती. आता तिथेही वाटू लागलं की हाही मी जागा भरायलाच लावतो की काय. बाई अतिशय सरळ आहेत. त्यांनी खूप कष्ट केले आहेत. त्यांच्या पुस्तकात मी जाणूनबुजून खोटं छापलं असतं तर पहिल्या वेळची चूक चूक राहिली नसती. सहावं प्रकरण बुधवारी मशीनवर चढायचं होतं. रविवारी बाई स्वतः मंडळात बोलायला येणार होत्या. म्हणून रविवार.

तर त्या सकाळी घड्याळाला आंघोळ घालून मी दुपारी सभेला गेलो. बाईंचं भाषण छान झालं. त्या दिव्यापर्यंत आल्या, चंद्रप्रकाशने डोळे पुसले, अनंताने घसा खाकरला, आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून उभा राहिलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. खोलीत एवढी शांतता झाली की थर्माकोल कुरकुरलेला ऐकू आला. मी सगळं सांगितलं. ठोकळा, लग्नपत्रिका, मशीनवाला, सगळं. धर्माकडे बघितलं नाही.

आधी अनंता उठला आणि त्याने मला मिठी मारली. त्याला तीन वर्षं वाटत होतं ते खरं निघालं होतं, आणि ते मी सिद्ध केलं होतं. मी स्टँप पेपरवर सही करावी, असा त्याचा लगेच आग्रह सुरू झाला. चंद्रप्रकाश मात्र पांढराफटक पडला. "यार परब," तो म्हणाला, "तीन वर्षं गप्प बसलास, आणि बोललास ते हे?" मग त्याने सगळ्यांना समजावलं की हा परबचा विनय आहे, माणूस कष्टाने दमला की त्याला असे भास होतात, कोचरेकरांच्याच एका गोष्टीत एका कारकुनाला असंच वाटतं. माझ्याच कबुलीला त्याने कोचरेकरांच्या गोष्टीचा आधार देऊन ती रद्द केली. मला वाटलं होतं लोक रागावतील. लोक विश्वासच ठेवणार नाहीत, हे डोक्यात आलं नव्हतं. एका सभासदाने तर मला थोडी लिंबू-साखर दिली.

अनुपमाबाईंनी वही उघडली होती. त्या भराभर लिहून घेत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्या माझ्याकडे बघून हसल्या, त्यात कडवटपणा नव्हता. "परबकाका, माझा तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण विश्वासाला तळटीप देता येत नाही. काही पुरावा आहे का?" मूळ हस्तलिखित? प्रूफ? त्या वेळचा कोणी माणूस? मी म्हटलं, नाही. छापखाना बंद झाला, मालक गेले, मशीनवाला गेला. माझ्या शब्दाशिवाय पुरावा नाही. तर त्या म्हणाल्या, ठीक आहे, मी प्रकरण काढणार नाही, पण तळटीप घालते, सहाशे बारावी. ही ओळ आपली असल्याचं अंकाचे एक खिळेजुळारी श्री. सहदेव परब यांचं म्हणणं आहे, स्वतंत्र पुरावा उपलब्ध नाही. मंगळवारी त्यांनी ती लिहून पाठवली आणि मी ती जुळवली. भावोजी, आपल्या घराण्यात पुस्तकात नाव छापून आलेला मी पहिला, आणि ते माझ्यावर विश्वास ठेवता येत नाही हे सांगण्यासाठी आलं आहे, आणि तेही मीच जुळवलं आहे.

सभा संपल्यावर धर्मा माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आला. मी मनात नामस्मरण करत होतो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. बाजारापाशी तो थांबला आणि त्याने खिशातली पिशवी काढली. मला वाटलं आता पान फाडून माझ्या हातात देतो.

"खरं तू लिवलंस?"

मी हो म्हटलं.

"कशाला?"

आता खोटं बोलून उपयोग नव्हता. मी म्हटलं, जागा होती म्हणून. आणि ती बाई दारात उभी होती म्हणून.

त्याने पिशवीतलं पान पाहिलं, पुन्हा घडी घातली, खिशात ठेवलं. "मंग बराबर हाय," तो म्हणाला. "कोनीतरी लावायला पायजेच होता ना रे." मग त्याची बस आली. चढताना वळून म्हणाला, येत्या रविवारी बोंबील आणतो, वहिनीला सांग. मी शाकाहारी आहे हे त्याला तीन वर्षं माहीत आहे. तरी रत्नप्रभेला सांगितलं.

एवढं सगळं सविस्तर लिहिण्याचं कारण इतकंच की मन हलकं व्हावं. तुमच्याकडून काही नको. गुडघ्याला तिळाचं तेल लावावं. अक्काने डोळ्यांत औषध वेळेवर घालावं. घरातल्या लहानथोरांना आमची आठवण द्यावी, आणि आमच्या चुका पोटात घेण्याची तुमची जुनी सवय मोडू नये.

तुमचा,
सहदेव

ता. क. वर लिहिलं की तुमच्याकडून काही नको, ते खरं नाही. पुरावा नाही असं मी भर सभेत बाईंना म्हणालो, तेही खरं नाही. अंक निघाल्यावर महिन्याभराने छापखान्यात एक अंतर्देशीय पत्र आलं होतं. पाठवणारा, अ. बा. कोचरेकर. वर पत्ता होता: शेवटचं पान जुळवणाऱ्या माणसास. मालकांनी हसत ते माझ्या हातात दिलं. मी ते उघडलं नाही. आज उघडू, उद्या उघडू करत असताना पौषात ते गेल्याची बातमी आली, आणि मग मेलेल्या माणसाची शिवी खाण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. जाळावं तर विद्येचा अपमान. म्हणून सत्तावन्नच्या मे महिन्यात गावी आलो तेव्हा तुमच्या वडिलांची, आबांची, जी जुनी पोथी तुमच्या देव्हाऱ्यात आहे, आपण वाचत नाही, नुसती पूजतो, तिच्या तांबड्या फडक्याच्या आतल्या घडीत ते ठेवून दिलं. देवाजवळ असलं म्हणजे योग्य हातात आहे, अशी मनाची समजूत घातली. भावोजी, ते काढावं आणि तुम्ही उघडून वाचावं. मग चांगलं असो की वाईट, रजिस्टरने अनुपमाबाईंना पाठवावं, पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. शिव्या असल्या तरी पाठवायचं, हे मी ठरवलं आहे. मासिकाच्या त्या जुन्या उपकाराची आठवण करून देईन म्हटलं होतं, ती ही.

दुसरं ता. क. आता लक्षात आलं की ती पोथी दर दसऱ्याला अक्का स्वतः सोडते, झटकते आणि पुन्हा बांधते. म्हणजे तीस दसरे झाले. अक्का, तू ते पत्र पाहिलं असशील. पाहून मला कधी विचारलं नाहीस. तसं असेल तर या पत्रातल्या कंसांना काही अर्थ नव्हता, आणि भावोजींना उगाच खोकायला लावलं याबद्दल त्यांची माफी मागतो. तू ते उघडून वाचलंही असशील, तर कोचरेकर रागावले होते की नाही, एवढंच भावोजींकरवी कळव. (मासिक कोणाचं होतं हेही आता तुला माहीत असणारच.)

तिसरं ता. क. लिहिणं थांबवून मध्येच छापखान्यात जाऊन आलो, सहावं प्रकरण आज मशीनवर चढायचं होतं. तळटीप सहाशे बारा बसवल्यावर शेवटचं पान सरकलं आणि तळाला बरोबर एका ओळीची जागा उरली. वेलबुट्टीचा ठोकळा या खेपेला हाताशी होता. केसही हाताशी होती. मशीनवाला उभा राहून घाई करत होता. मी थोडा वेळ त्या जागेकडे बघत राहिलो. मग ती तशीच मोकळी सोडली आणि फर्मा आवळला.